तेल लावलेली धोंड

मी एक जुनी धोंड आहे. मित्रांनो, माझी सगळी हकिगत मी तुम्हांला सांगणार आहे, पण आधी मला दामोनची तक्रार करू द्या. ती केल्याशिवाय माझं मन हलकं व्हायचं नाही, आणि माझ्यासारखीचं काहीही हलकं होणं किती अवघड, ते तुम्हीच बघा.

या दामोनने मला देव करून ठेवलं आहे. घरासमोर अंजिराच्या झाडाखाली ओटा बांधला, त्यावर मला बसवलं. सकाळी उठला की पहिला माझ्यापुढे. डोक्यावर ऑलिव्हचं तेल ओततो. मला गळा नाही, नुसतं एक भोक आहे, तर त्या भोकाभोवती रानफुलांची माळ घालतो. पुढ्यात मधाची वडी ठेवतो आणि गुडघे टेकून विचारतो, "आई, आज शेळ्या वरच्या कड्यावर नेऊ की खालच्या?"

मी काय सांगू? शेळ्या चरतात कुठे, हे मी कधी बघितलेलं नाही. मी पाण्यातली. आमच्या बेटावरची माणसं समुद्राच्या तळाचे स्पंज काढतात आणि मी त्यांची बुडी मारायची धोंड. मला छातीशी धरून माणूस सरळ तळाला जातो, स्पंज कापतो, मग माझ्या भोकात ओवलेल्या दोराला हिसका देतो, आणि होडीतलं माणूस आम्हां दोघांना ओढून वर घेतं. खाली नेणारी मी, वर आणणारा दोर. एवढं सोपं काम आहे.

आणि या शहाण्याने सबंध हिवाळाभर दोराकडे एकदा म्हणून बघितलं नाही! ज्या दोरावर त्याचा जीव टांगायचा, तो माझ्या भोकात कुजतोय, आणि याचं लक्ष माझ्या माळेतली फुलं ताजी आहेत की नाहीत याकडे. हंगामाची पहिली बुडी त्याच्याच नावावर होती. मला झोप असती तर उडाली असती.

असो. पहिल्यापासून सांगते.

मला घडवलं दामोनच्या आजाने, मोस्खोसने. मी उत्तरेच्या सुळक्याखाली लाटांत लोळत पडले होते. मोस्खोसने आधी कितीतरी दगड उचलून बघितले. कुणी फार जड, कुणी खडबडीत, कुणाच्या पोटात भेग. मला उचललं, छातीशी धरलं आणि म्हणाला, "ही बरी आहे." मित्रांनो, माझ्या सबंध आयुष्यात माझी याहून मोठी स्तुती कुणी केली नाही, आणि मला याहून मोठी नकोही होती.

मग तो हिवाळाभर दारात बसून ओली वाळू घालून गिरमिटाने मला भोक पाडत होता. कडा घासून घासून गोल केल्या, म्हणजे तळहाताला कापणार नाहीत. त्याची बायको थ्रासो दळता दळता त्याच्याकडे बघत असे. एक दिवस तिला राहवलं नाही.

"अहो, लग्नाला एवढी वर्षं झाली, माझ्याकडे कधी असं टक लावून बघितलं नाहीत. या धोंडेत आहे काय एवढं?"

"ही बोलत नाही," मोस्खोस म्हणाला.

"बोलेल. तुमच्याजवळ राहिली की दगडालाही तोंड फुटेल."

बघा, फुटलं की नाही!

मग माझे कामाचे दिवस सुरू झाले. ते दिवस आठवले की अजून बरं वाटतं. आमच्याकडे बुडी मारण्याआधी माणूस तोंडात तेल भरून घेतो. तळाशी गेल्यावर ते थोडं थोडं सोडायचं, म्हणजे डोळ्यांपुढचं पाणी नितळ होतं. तोंडात तेल गेलं की बोलणं संपलं. म्हणून तेलाआधीचा शेवटचा शब्द आमची माणसं फार जपून उच्चारतात. हा शब्द संध्याकाळच्या जेवणाचा असतो. कुणी म्हणतं "कोळंबी", कुणी "पावटे". म्हणजे समुद्राला कळतं की या माणसाची घरी कुणीतरी वाट बघतंय, चूल पेटलीय, याला परत पाठवायला हवं. मोस्खोस नेहमी "मसूर!" असं ओरडायचा. थ्रासोचे मसूर दर वेळी बुडाला लागायचे, तरीही मसूरच.

मोस्खोस म्हातारा होऊन आपल्या अंथरुणात गेला. त्याच्यामागे माझ्याबरोबर त्याचा मुलगा सोसिस खाली जाऊ लागला. सोसिसचं बोलणं गोड आणि नजर हावरी. त्या दिवशी तो म्हणाला, "कांदे घातलेला ऑक्टोपस!" आणि आम्ही खाली गेलो. तळाशी चांगले स्पंज होते. त्याने भराभर कापले. मग थोडं पलीकडे, कपारीच्या आत, त्याला एक मोठा दिसला. त्याने माझ्यावरचा हात काढला.

मी एकटीच वर आले. ऑक्टोपस थ्रासोने तसाच झाकून ठेवला. दुसऱ्या दिवशी समुद्रात सोडला.

सगळे म्हणाले, दैव. सूत कातणाऱ्या त्या तीन बहिणी आहेत ना वर, एक कातते, एक मोजते, एक कापते. त्यांनी सोसिसचं सूत एवढंच कातलं होतं. असेलही. मी त्या बहिणींशी भांडायला गेलेली नाही. पण मी तिथे होते. मला एवढंच माहीत आहे की हात सुटला.

दामोन त्याच सोसिसचा मुलगा. पण बापाचं ओझं त्याने मनावर घेतलं नाही. हसरं पोर. मला एका हाताने उचलायचा, माझ्या डोक्यावर थाप मारायचा, "चल म्हातारे, खाली जाऊन येऊ." त्याचे हात नेहमी गरम आणि कोरडे. लोक म्हणायचे, काय धाडस आहे! मला तसं कधी वाटलं नाही. त्याला भीतीच ठाऊक नव्हती. भीती ठाऊक नसलेला माणूस खाली जातो, तशी मीही जाते. त्यात कौतुक कसलं? पण लाडका होता माझा, खोटं कशाला सांगू.

त्याचं लग्न मेलित्ताशी झालं. नाकीडोळी नीटस, हाताला खरखरीत, तोंडाला तिखट. त्या वर्षी वसंतात पहिल्या बुडीला सगळं गाव किनाऱ्यावर जमलं होतं. दामोन कमरेपर्यंत पाण्यात, मी त्याच्या काखेत. तेलाची बुधली तोंडाला लावण्याआधी मेलित्ताने विचारलं, "काय सांगायचं संध्याकाळचं?"

आणि हा पोरांना हसवायला म्हणाला, "आज काही रांधू नकोस! समुद्रच मला ठेवून घेणार आहे जेवायला!"

नेमका तेव्हाच मागे उभा असलेला बिओन काका शिंकला.

आमच्याकडे शिंक म्हणजे देवाने मान डोलावली. ज्या बोलण्यावर शिंक पडली ते बोलणं पक्कं झालं. हा बिओन म्हणजे दामोनचा चुलता, होडीचा मालक. त्याला उन्हाकडे बघितलं की शिंक येते, लहानपणापासून. मला माहीत होतं, मेलित्तालाही माहीत होतं.

ती म्हणालीसुद्धा, "काका उन्हाकडे बघत होते!"

"उन्हाकडे बघायची बुद्धी त्यांना कुणी दिली?" दामोन म्हणाला. त्याचं तोंड पांढरं पडलं होतं. त्याने मला वाळूवर ठेवलं आणि घरी गेला.

त्यानंतर दामोन पाण्यात उतरला नाही. मला आधी चीज दाबायला ठेवलं. मग बिओनच्या होडीत, होडी डोलू नये म्हणून तळाशी टाकलं, माशांच्या टोपल्यांखाली. मित्रांनो, ज्या होडीतून मी मान वर करून जायची, त्याच होडीत माझ्या अंगावरून खवले ओघळायचे. येता जाता लोक पाय ठेवायचे. दामोन माझ्याकडे बघायचा नाही. तो आता दुसऱ्यांचे दोर धरायचा. हसणं गेलं होतं. भाकरी करपली तरी म्हणायचा, दैव.

मेलित्ताचा धाकटा भाऊ आग्नोन, तो आता बुडी मारू लागला होता, आपल्या नव्या कोऱ्या धोंडेवर. एक दिवस सुळक्याखाली, जिथे पाणी काळं दिसतं तिथे, तो गेला. होडीत दामोन, बिओन आणि मेलित्ता. आग्नोनने दोराला हिसका दिला. दामोन ओढू लागला. दोर ताणला गेला, कुरकुरला, पण वर काही येईना.

"अडकलाय," बिओन म्हणाला. "गळ्यातली स्पंजांची पिशवी कपारीत अडकली असणार."

मेलित्ता नुसती नवऱ्याकडे बघत राहिली.

दामोनने आग्नोनचा दोर बिओनच्या हातात दिला. टोपल्या लाथेने बाजूला केल्या, मला उपसलं. माझ्या भोकात जुना दोर होता तो मेलित्ताने पकडला. त्याने बुधली तोंडाला लावली आणि थांबला. शेवटचा शब्द सांगायचा होता. त्याला सुचेना. जो माणूस समुद्राने ठेवून घ्यायचा ठरलेला आहे, त्याने संध्याकाळचं काय सांगावं?

"मसूर!" मेलित्ता किंचाळली. "अहो, मसूर करणार आहे मी! ऐकलंत का? मसूर!"

आम्ही खाली गेलो.

मित्रांनो, मी तीन पिढ्यांचे हात ओळखते. त्या दिवशी दामोनचे हात बर्फासारखे होते, आणि इतके थरथरत होते की मला वाटलं, आता सुटतील. तो मरायलाच चालला होता, त्याच्या समजुतीने. देवाने मान डोलावलेली, सूत संपलेलं, सगळं ठरलेलं. तरी तो चालला होता. तेव्हा मला पहिल्यांदा वाटलं, हे धाडस. एवढी वर्षं लोक ज्याला धाडस म्हणत होते ते नव्हे, हे.

आग्नोन कपारीपाशी लोंबकळत होता, डोळे उघडे. दामोनने एका हाताने मला धरून ठेवलं. हे नीट ऐका: मला धरून ठेवलं. दुसऱ्या हाताने सुरी काढून पिशवीचा पट्टा कापला, पोराला काखेत घेतलं, आणि हिसका दिला. मेलित्ताने असा दोर ओढला की नंतर कितीतरी दिवस तिच्या तळहाताची सालं निघत होती.

होडीत आग्नोनच्या तोंडातून पाणी आणि तेल आलं. मग तो डोळे मिचकावत म्हणाला, "ताई, पिशवी आली का वर? फार चांगले स्पंज होते गं."

मेलित्ताने त्याच्या एक सणसणीत कानाखाली दिली आणि त्याला मिठी मारून रडली.

आता तुम्ही म्हणाल, झालं, सगळं चांगलं झालं. कुठलं! दामोन होडीत बसून माझ्याकडे बघत होता. त्याचा हिशोब सरळ होता. देवाने शिंकेवर शिक्का मारलेला, म्हणजे तो मरायलाच हवा होता. मेला नाही. म्हणजे त्या देवाहून कुणीतरी मोठं त्याच्या बाजूने उभं राहिलं. होडीतून उतरताना त्याने मला दोन्ही हातांनी कपाळाला लावलं आणि गावाला ओरडून सांगितलं, "या आईने मला वाचवलं!"

मी! मी तर खाली नेणारी!

आणि मग हा ओटा, हे तेल, ही माळ. पाण्यात मात्र तो पुन्हा जाऊ लागला, हे खरं. उन्हाळाभर गेला. हसूही परत आलं. म्हणून मीही गप्प बसले, म्हटलं असू दे, पोर आनंदात आहे. पण हिवाळा आला. मधाच्या वडीला उंदीर येऊ लागले. वडी खाऊन झाली की तोंडी लावायला दोर. तेलात मुरलेला दोर त्यांना फार आवडायचा. माझ्या भोकात, आतल्या बाजूला, जिथे दिसत नाही तिथे कुरतडायचे.

मेलित्ताच्या नजरेतून काय सुटणार? तिने दारातूनच हाक मारली. "अहो, दोर उंदराने खाल्लाय. बदला तो."

दामोनने वाकून बघितलं आणि त्याचा चेहरा खुलला. "अगं, उंदीर म्हणजे अपोलोचा! देवाचा उंदीर आईपाशी येऊन गेला. शुभ आहे हे!"

"शुभ उंदराचं झालं. तुमचं काय?"

"देवाच्या अंगावरचा दोर बदलायचा नसतो, मेलित्ता. याच दोराने मला वर आणलं."

"दोराने आणलं? मी ओढला म्हणून आलात वर!"

"तिघी बहिणींनी जेवढं सूत कातलं असेल तेवढंच माझं..."

"त्यांनी सूत कातलं असेल," मेलित्ता म्हणाली. "दोर मी वळते."

आणि खरंच, ती हिवाळाभर चुलीपाशी बसून वळत होती. कुणाला काही न सांगता. तिच्या मांडीवर पडलेल्या तागाच्या लडी मला ओट्यावरून दिसायच्या. मला वाटायचं, ही बाई आणि मी एका जातीच्या.

तर आज सकाळची गोष्ट. पहिली बुडी. दामोनने नवी माळ घातली, तेल ओतलं, आणि मला दोराने खांद्यावर टाकून पायऱ्या उतरू लागला. मागे बिओन काका, आग्नोन आणि सगळं गाव. मी त्याच्या पाठीवर लोंबकळत होते. दोराचे धागे माझ्या भोकात एकेक करून सुटत होते ते मला जाणवत होतं. मी मनात म्हणत होते, इथेच तुट, मेल्या, इथेच तुट. पाण्यात नको.

किनाऱ्याच्या शेवटच्या पायरीवर तो तुटला. मी खाली आले ते थेट दामोनच्या पायाच्या अंगठ्यावर, तिथून पायरीवर. माझा एक कोपरा उडाला.

दामोन एका पायावर नाचत होता. बाकी कुणी हलेना.

"वाईट झालं," बिओन काका हळूच म्हणाला. "आज पाण्यात जाऊ नकोस, पोरा. धोंडेने तोंड फिरवलं."

दामोन वाळूवर बसला. त्याच्या चेहऱ्यावर तोच पांढरा रंग चढत होता, शिंकेच्या दिवशीचा. मी ओळखला. आता हा पुन्हा घरी जाणार, पुन्हा माझ्यावर माशांच्या टोपल्या येणार आणि पुन्हा याचं हसणं जाणार. नाही तर उंदरांनी खाल्लेल्याच दोराला गाठ मारून खाली जाणार. एक तर घाबरून मरायचं, नाही तर विश्वासाने. मधला रस्ता या घरातल्या माणसाला सुचतच नाही.

"आईने नको म्हटलं," तो म्हणाला.

"आईने काही म्हटलेलं नाही," मेलित्ता म्हणाली. "उंदराने म्हटलं." तिने कमरेची गुंडाळी सोडली. नवा दोर, पिवळसर, घट्ट पिळाचा, माझ्याच मनगटाएवढा, मला मनगट असतं तर. माझी माळ काढून तिने बाजूला टाकली, भोकातला कचरा बोटाने उकरला, दोर ओवला, गाठ मारली, गाठीवर पाय देऊन ओढून बघितली. मग टोक आपल्या हाताला गुंडाळून उभी राहिली. "ठरवा," म्हणाली.

दामोन रांगत माझ्यापाशी आला. सगळ्या गावासमोर त्याने आपला कान माझ्या अंगाला लावला. त्याच्या गालाला मीठ लागलं होतं. अगदी हळू, लहानपणी बोलायचा तसा, म्हणाला, "आई, तूच सांग. जाऊ की नको?"

मित्रांनो, दगडाचा आवाज माणसाच्या कानापर्यंत पोहोचतो की नाही, ते मला ठाऊक नाही. पण विचारलंय म्हटल्यावर मी मागे राहणारी नाही. मी मोठ्याने सांगितलं:

"दामोन, गाढवा, मला काही कळत नाही. मला फक्त खाली जाता येतं. खाली काय वाढून ठेवलंय ते मलाही दिसत नाही, त्या काकाच्या नाकालाही नाही. ते त्या तिघींचं, ते त्यांच्यापाशी राहू दे. पण दोर वर असतो, उजेडात, तुझ्या डोळ्यांसमोर. तो तुझा. तो रोज बघ. माझ्यावर ओततोस ते तेल आपल्या भाकरीवर घाल. आणि हात थरथरत असले तर थरथरू देत. त्याच हातांनी तू त्या पोराला वर आणलंस. मी नाही आणलं, माझ्या नावावर ते खपवू नकोस. आता ऊठ. बायको दोर धरून उभी आहे, तिला ताटकळत ठेवू नकोस. आणि जायचं असेल तर मला नीट धर!"